दिवेवाली

“हिचे केस कुणी कापले?” गौराक्कांनी विचारलं.

मी ओसरीच्या पायरीवर बसून घाम पुसत होते. बार्शीचा चैत्र, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून येत होतं. आक्का वर पाटावर बसल्या होत्या, नाकावर चष्मा, हातात मी दिलेलं मासिक. त्याच्या कव्हरावर आखूड केसांची एक बाई होती. अंगात पांढरा कोट, गळ्यात डॉक्टरांची नळी.

“डॉक्टरीण आहे आक्का ती,” मी म्हणाले. “दवाखान्यात केस मधे येत असतील.”

“आन् कुंकू? कुंकूबी मधी येतं व्हय?”

आक्कांनी अंक लांब धरला, जवळ धरला, पुन्हा लांब धरला.

“घर मोडणारी बाई हाय ही. हिच्या डोळ्यांत बघ, कशी सरळ बघतीय. जसं काय आपणच तिच्या दारात आलोय. परत ने. दुसरी दे.”

मी दुसरी दिली. झोपाळ्यावरची. तिच्या डोक्यावर पदर होता, म्हणून ती घरात गेली.

आक्कांच्या मागे दारात मंदावहिनी उभ्या होत्या, त्यांची सून. माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आल्या होत्या. पण त्यांची नजर आक्कांच्या खांद्यावरून त्या केस कापलेल्या बाईवर खिळली होती आणि ओठ हलत होते. मी अंक पिशवीत घातला, तरी त्या पिशवीकडेच बघत राहिल्या. पेला हातातच राहिला. मी तशीच उठले. पुढची घरं बाकी होती.

मी तेव्हा आगाशे मास्तरांच्या फिरत्या वाचनालयात कामाला होते. पिशवी खांद्याला लावून घरोघर जायचं, वाचून झालेलं मासिक घ्यायचं, दुसरं द्यायचं. मला अक्षर येत नव्हतं. तरी मास्तरांनी मला ठेवलं, कारण वाचता येणारा माणूस वाटेत वाचत बसतो, असं ते म्हणायचे.

मी अंक कव्हरावरून ओळखायची. हिरव्या शालूची, कपबशीवाली, मोगरेवाली. पुढे पुढे घरोघरच्या बायकाही तशाच मागायला लागल्या. “शेवंताबाई, मोगरेवाली रिकामी झाली का हो?” मी जणू बायकाच घेऊन फिरत होते. सगळ्या गोऱ्या, सगळ्या हसऱ्या, एकीच्याही कपाळावर घाम नाही. ओझं मात्र त्यांचं मला. माझा डावा खांदा अजून उजव्यापेक्षा खाली आहे. ब्लाउजचं माप घेताना शिंपी दरवेळी विचारतो.

एक गोष्ट मी दारादारांत बघितली. बाई चुलीपुढून उठून यायची, पदराला हात पुसायची, मासिक हातात घ्यायची आणि कव्हर बघितलं की तिचा हात आपोआप स्वतःच्या केसांकडे जायचा. मास्तरीणबाईंचा जायचा, वकिलीणबाईंचा जायचा, आणि धुणं-भांडी करणारी सखू नुसतं डोकावून बघायची, तिचाही जायचा. केस कानामागे सारायच्या आणि अंक घेऊन आत जायच्या.

गौराक्कांना वाचता येत नव्हतं. त्यांनी हे कुणाला सांगितलेलं नव्हतं आणि त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. चष्मा लावायच्या, पानं उलटायच्या, मान हलवायच्या. पण मला कळलं होतं. ज्याला अक्षर येतं त्याची नजर आधी अक्षरावर जाते, त्याच्या मनात असो नसो. आक्कांची नजर आधी चेहऱ्यावर जायची, मग दागिन्यांवर, मग पदरावर. माझीही तशीच जायची.

सोमवारी मंदावहिनी मठात यायच्या. शेट्यांच्या, म्हणजे आक्कांच्या, घरातून तेवढंच एक बाहेर पडणं त्यांना होतं. त्या सोमवारी मी मठाच्या मागच्या नळावर पाणी पीत होते, तर त्या शोधत तिथं आल्या. कपाळावरची विभूती अजून ओली होती.

“शेवंताबाई, तो अंक आहे का तुमच्याकडे? केस कापलेली?”

“आहे की. ती कुणालाच आवडेना. पिशवीतच फिरतीय माझ्याबरोबर.”

“मला पाहिजे तो.”

“घ्या मग. पदराखाली घालून न्या.”

“पदराखाली नको.” त्यांनी मागे वळून बघितलं. मठाच्या पायऱ्यांवर कुणी नव्हतं. “मला वाचायला नकोय. ह्यांनी वाचायला पाहिजे.”

मग त्यांनी सांगितलं. तसं गावात कुजबुजत होतेच सगळे, पण त्यांच्या तोंडून ऐकताना वेगळं वाटलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. नागूबाईची लेक रत्नमाला आक्कांनी दुसरी सून म्हणून बघून ठेवली होती. ज्येष्ठात मंदावहिनींना सोलापूरला माहेरी पोचवायचं आणि मागोमाग रत्नमालेला आणायचं, असं घरात ठरलं होतं.

“आक्का म्हणाल्या, मुकाट्यानं जा, लुगडं-चोळी देऊन मानानं पाठवू. चार लोकांत सांग की मी आपणहून चाललेय.” वहिनी नळाची तोटी उगाच घट्ट करत होत्या. “भाऊ दारात उभं करेल हो मला. दारातच. आत भावजय येऊ देणार नाही.”

“शिवलिंगअण्णा काय म्हणतात?”

“आक्का म्हणतील ते.”

शेट्यांच्या घराला ही गोष्ट नवी नव्हती. आक्का स्वतः त्या घरात धाकटी म्हणून आल्या होत्या. थोरलीला मूल होईना, म्हणून तिला बैलगाडीत बसवून माहेरी पाठवलं आणि आक्कांना आणलं. मग त्यांनाही झालं नाही. शेवटी दिराचा मधला मुलगा मांडीवर घेतला, तो हा शिवलिंगअण्णा. आता निदान त्याला तरी पोटचं मूल व्हावं, शेट्यांच्या घरात पाळणा बांधलेला आपण डोळ्यांनी बघावा, एवढा एकच ध्यास आक्कांनी घेतला होता.

“त्या कव्हरावर लिहिलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “‘मूल होत नाही? दोष कुणाचा?’ आत त्या डॉक्टरीणबाईंचा लेख आहे. पुरुषाचीसुद्धा तपासणी करावी लागते, शेवंताबाई. शाळेतली माझी मैत्रीण नर्स आहे, तिनं सांगितलं होतं. मी एकदा बोलले ह्यांच्याजवळ.” त्यांचा हात गालाकडे गेला आणि खाली आला. “मी बोलले की ती जीभ होते. छापलेलं असलं की माणूस गप्प वाचतो.”

“मग द्या की वाचायला.”

“मी दिलेलं वाचणार नाहीत. दुपारी जेवून आडवे होतात आणि घरात जे पडलेलं असेल ते उचलतात. लोणच्याची कृतीसुद्धा वाचतात. पण ते आक्कांनी घेतलेलं असलं पाहिजे. चोरून आणलेलं असलं तर तेवढ्यावरूनच मला आज घालवतील.”

“वहिनी, आक्का त्या बाईला उंबरा ओलांडू देणार नाहीत. बघितलंत ना तुम्ही?”

“बाई नका देऊ,” त्या म्हणाल्या. “बाई बदला.”

माझा नवरा मला टाकून गेला तेव्हा मीही माहेरच्या दारात उभी राहिले होते. आत बोलावलं, पण संध्याकाळ झाल्यावर; शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून. मी वहिनींना हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. पिशवी उचलली आणि चालू लागले. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की कुठल्या बाईचं कव्हर बसेल याचाच मी विचार करत होते.

सुटलेली कव्हरं पुन्हा बसवायचं काम वाचनालयात माझंच होतं. मधल्या दोन पिना आकड्यानं उघडायच्या, कव्हर नीट करायचं, नव्या पिना मारायच्या. मास्तर खुर्चीत बसून सुपारी कातरत होते. मी ढिगातून दिवेवाली काढली. गेल्या दिवाळीचा अंक, त्याच मासिकाचा, त्याच मापाचा. हिरवं पैठणी लुगडं, नाकात नथ, दोन्ही हातांत तबक, तबकात दिवे. मान खाली, पापण्या खाली आणि ओठांवर अगदी थोडं हसू. इतकंच, की ते तुमच्यासाठी आहे असं वाटावं. ती ज्या घरात गेली त्या घरून लवकर परत यायची नाही.

“तिचं कव्हर सैल झालं का?” मास्तरांनी विचारलं.

“झालंय मास्तर.”

“घट्ट बसवा. सगळा धंदा त्याच्यावर आहे.” त्यांनी सुपारी तोंडात टाकली. “प्रकाशकाला ठाऊक असतं, शेवंताबाई. आत काहीही घाला, वर एक हसरी बाई घाला. घेणारीला वाटतं, हा अंक घरात आणला की आपण अशा दिसू, आपलं घर असं दिसेल. महिनाभर वाटतं. तोवर पुढची हसरी बाई तयार असते.”

“आणि आतलं कोण वाचतं?”

“आतलं?” मास्तर हसले. “आतलं पोटभरू लोक लिहितात आणि रिकामे लोक वाचतात.”

मी पिना मारल्या. डॉक्टरीणबाईंचं पोट दिवेवालीच्या कव्हरात गेलं. दिवेवालीचं पोट, त्यात करंज्या-अनारसे असावेत, ते केस कापलेलीच्या कव्हरात गेलं आणि मी ते ढिगाच्या तळाशी सारलं.

पुढच्या फेरीला मी ओसरीवर गेले तेव्हा मंदावहिनी दाराआड गहू निवडत होत्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी दिवेवाली आक्कांच्या हातात दिली.

आक्कांनी चष्मा लावला. बघितलं. त्यांचा हात हळूच वर गेला आणि पांढऱ्या केसांची बट पदराखाली सारून खाली आला.

“अगं बया,” त्या म्हणाल्या. “हिला म्हणायचं सून.”

“चांगली आहे ना आक्का?”

“चांगली? मान बघ कशी खाली. नजर वर न्हाई. एवढे दिवे हातात, पर एकाला वारं लागंना. ही घरात आली तर घरात पाय वाजायचा न्हाई.” त्यांनी कव्हरावरून तळहात फिरवला, धूळ नसताना पुसावं तसा. “किती दिवसांनी चांगली बाई आणलीस तू, शेवंते.”

“मग ठेवते. वहिनींकडे देऊ का?”

गहू निवडायचा आवाज थांबला होता.

“तिला कशाला?” आक्का म्हणाल्या. त्यांनी आवाज कमी करायचीही तसदी घेतली नाही. “ती आता चाललीच. असं कर, हे नागूबाईच्या रत्नीला नेऊन दे. माझं नाव सांग. म्हणावं, आक्कांनी मुद्दाम धाडलंय, नीट बघ. आमच्या घरात असं राहायचं असतं.”

“आक्का, त्यांचं वाचनालयात नाव नाही.”

“माझ्या नावावर दे.”

“मग आधी तुमचं वाचून होऊ द्या. मी पुढच्या फेरीला नेते.”

“वाचून झालं माझं,” आक्का म्हणाल्या आणि अंक मला परत दिला.

मी दाराकडे बघितलं. मंदावहिनी मांडीवरच्या सुपाकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. रागही नव्हता. एखादी गाडी सुटल्यावर फलाटावर राहिलेलं माणूस रुळांकडे बघतं, तसं.

वाटेत मला वाटलं, दुसरा एखादा अंक नेऊन द्यावा. पण दुसरी दिवेवाली माझ्याकडे नव्हती आणि आक्का त्या पोरीला विचारल्याशिवाय राहणार नव्हत्या, दिवे बघितलेस का म्हणून. ऊन डोक्यावर होतं. विचार करायचाही कंटाळा आला होता. मी चालत राहिले.

नागूबाई विधवा, भावाच्या घरामागच्या एका खोलीत लेकीला घेऊन राहायची. रत्नमाला ज्वारी पाखडत होती. मी आक्कांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. तिनं हात झटकले आणि अंक घेतला.

“असं दिसायचं का मी?”

तिनं सूप उचललं, दोन्ही हातांत तबकासारखं धरलं, मान खाली घातली, पापण्या मिटल्या आणि ओठ थोडेसे ताणले. हुबेहूब. मग एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं.

“मान दुखती हो मावशी अशी.”

“दुखू दे,” नागूबाई चुलीपाशी बसून म्हणाली. “दोन वेळा पोटभर खाशील तिथं. इथं मान सरळ ठेवून काय मिळालंय तुला?”

पोरीनं सूप खाली ठेवलं. “मावशी, ती मंदावहिनी खरंच आपणहून जातीय?”

मी तिच्या आईकडे बघितलं.

“आक्कांनी सांगितलंय तसं,” नागूबाई म्हणाली. “आक्का खोटं कशाला बोलतील? आन् तिला मूल होत न्हाई, त्याला कोण काय करणार?”

“बघ बाई, आता त्यांनीच धाडलंय पुस्तक,” मी म्हणाले. “वेळ मिळाला तर आतलंही वाच.”

एवढंच मी बोलले. तेही दारातून बाहेर पडता पडता.

त्यानंतरच्या फेरीला गेले तेव्हा शेट्यांच्या ओसरीवर शेवयांचं काम निघालं होतं. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. कुणी पीठ मळत होतं, कुणी पाटावर वळत होतं, आणि आडव्या बांधलेल्या काठ्यांवर ओल्या शेवयांच्या जाळ्या लोंबत होत्या. मंदावहिनी मधे बसून वळत होत्या. त्यांचा हात सगळ्यांत बारीक चालायचा.

“बारीक वळ गं, बारीक,” एक बाई म्हणाली. “ज्येष्ठात पाहुणे येणार ना तुमच्याकडं?”

दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. आक्का पाटावर बसून सगळं ऐकत होत्या आणि काही ऐकत नव्हत्या. मी पिशवी उतरवून पायरीवर बसले.

तेवढ्यात नागूबाई आली. धुवट पातळ नेसलेली, एका हातात नारळ, काखेत दिवेवाली. ती सरळ ओसरीवर चढली, “शरणार्थ आक्का,” म्हणाली आणि वाकून आक्कांचे पाय धरले. धरले ते सोडेना.

“अगं, हे काय? ऊठ. पाया कशाला पडतीस आत्तापासून?”

“पडू द्या. माझ्या पोरीला वाचवलंत तुम्ही.” नागूबाईचा आवाज भरून आला होता. “पोटच्यावाणी वाढवलेल्या लेकाची गोष्ट तोंडानं कशी सांगणार माणूस? म्हणून पुस्तक धाडलंत. मी अडाणी, मला कळलं नसतं. रत्नीनं सगळं वाचून दाखवलं.”

आक्कांनी विचारलं, “काय वाचून दाखवलं?”

“तेच, तुम्ही धाडलेलं. पुरुषात दोष असला तर दुसरी आणून काय होत न्हाई. बायकोला नावं ठेवायच्या आधी नवऱ्याला डाक्टरला दाखवावं. भावालाबी वाचून दाखवलं. तो म्हणाला, एवढ्या मोठ्या घरची बाई, स्वतःहून सांगतीय, आता आपण पोर द्यायची न्हाई.” तिनं डोळे पुसले. “दुसरी सासू असती तर झाकून ठिवलं असतं, आक्का. माझी रत्नीबी उद्या त्या गाडीतनं परत आली असती.”

शेवया वळणारे सगळे हात थांबले होते. काठीवरची एक ओली जाळी तुटून खाली पडली, ती उचलायलाही कुणी हललं नाही. मंदावहिनींची मान खाली होती.

मी आक्कांकडे बघत होते. ‘मी हे धाडलं नाही’ असं त्यांना म्हणता आलं असतं. पण अंक त्यांच्याच नावावर गेला होता, निरोपही त्यांचाच होता. मग काय धाडलं हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं म्हणावं लागलं असतं. सगळ्या गल्लीपुढं.

आक्कांनी हात पुढे केला. नागूबाईनं अंक दिला. आक्कांनी चष्मा लावला, अंक उघडला आणि एका पानावर बराच वेळ नजर ठेवली. मग मान हलवली.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “पोरीला दुसरीकडं चांगलं ठिकाण बघा.”

“आक्का, तुमच्यासारखी बाई बघितली न्हाई,” पीठ मळणारी म्हणाली. बाकीच्या बायका ‘व्हय बाई’ म्हणाल्या. नागूबाईनं नारळ ठेवला आणि आक्कांच्या पायांवर पुन्हा डोकं टेकलं.

बायका घरोघर गेल्या तोवर शेवया कडक वाळल्या होत्या. मी उठायला लागले.

“तू बस,” आक्का म्हणाल्या.

मी बसले. मंदावहिनी पाट गोळा करत होत्या. मागच्या तेलगिरणीचा घरघराट ऐकू येत होता. आक्का अंकाच्या पाठीवरून अंगठा फिरवत होत्या, वर, खाली.

“अंक जुना,” त्या म्हणाल्या. “पिना नव्या.”

मी खाली बघितलं.

“कुणी मारल्या ते मी इचारत न्हाई.” त्यांनी अंक माझ्यापुढं धरला. “शेवंते, आत काय हाय यात?”

“मला वाचता येत नाही आक्का.”

“मलाबी न्हाई,” गौराक्का म्हणाल्या.

इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा म्हटलं असावं. मंदावहिनींच्या हातातला पाट जमिनीवर टेकला, त्याचा आवाज झाला.

“मंदे, हिकडं ये. बस. वाच.”

वहिनी आल्या, पण बसल्या उंबऱ्याशी. त्यांनी वाचायला सुरुवात केली. आधी आवाज नीट फुटेना. मग हळूहळू लागला. लेख साधा होता. बाईत दोष असतो तसा पुरुषातही असतो, पुरुषाची तपासणी सोपी असते, ती आधी करावी, त्यात लाज नाही. आक्का भिंतीला टेकून ऐकत होत्या. डोळे मिटलेले. मला वाटलं झोप लागली.

“ते परत वाच,” त्या एकदम म्हणाल्या. “दोन बायकांचं.”

“‘पहिल्या पत्नीला मूल झालं नाही आणि दुसरीलाही झालं नाही,’” मंदावहिनींनी वाचलं, “‘तर त्या दोघींना दोष देण्याआधी पतीचा विचार करायला हवा.’”

“परत.”

वहिनींनी परत वाचलं.

“म्हंजे थोरलीत काय नव्हतं.”

“नसेल, आक्का.”

“आन् माझ्यात?”

मंदावहिनींनी मान वर केली. ज्येष्ठात ज्या बाईनं त्यांना गाडीत बसवलं असतं, ती बाई त्यांच्याकडे बघत होती. त्यांच्या हातात अंक होता आणि तो वाचता येणारं ओसरीवर त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. त्यांना काहीही म्हणता आलं असतं.

“तुमच्यातही नसेल,” त्या म्हणाल्या.

आक्कांनी पदर तोंडाला लावला. रडल्या नाहीत. नुसता लावला आणि काढला.

पुढं काय झालं, तर फार काही झालं नाही. रत्नमालेचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही, ना दुसऱ्या कुणा मुलीचं. शिवलिंगअण्णा आधी खूप चिडले, आणि दिवाळी उलटल्यावर सोलापूरला जाऊन आले. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण परत आल्यापासून मंदावहिनींशी बोलताना त्यांचा आवाज चढत नसे. पाळणा हलला नाही. वहिनी त्याच घरात राहिल्या, त्याच घरात म्हाताऱ्या झाल्या. हे सुख म्हणायचं का, मला माहीत नाही. दारात उभं राहावं लागलं नाही, एवढं खरं. त्यांनीच मला त्या ओसरीवर अक्षर शिकवलं. तोवर माझे केस पांढरे व्हायला लागले होते. आक्का शेजारी बसून ऐकायच्या. पाटी मात्र त्यांनी कधी हातात घेतली नाही. मी मासिक दिलं की त्या आता कव्हर बघायच्या नाहीत. उपडं मांडीवर ठेवायच्या आणि आत हाक मारायच्या, “मंदे, वाच.”

अक्षर आल्यावर मी ढिगातून दिवेवाली शोधून काढली. तिच्या पदराशेजारी तांबड्या अक्षरांत छापलं होतं: ‘सासरी सर्वांची लाडकी कशी व्हाल?’ इतकी वर्षं मी तेच खांद्यावर वागवत होते.

पण मला आठवते ती त्या दिवशीची ओसरी. लेख वाचून संपला होता. मंदावहिनींनी अंक मिटून आक्कांपुढे ठेवला आणि तिघींच्या मधे ती दिवेवाली हसत पडली.

“थोरलीचं नाव इराबाई,” आक्का म्हणाल्या. “मी आले त्या दिवशी तिची गाडी इथंच जुंपली होती. लुगडं-चोळी दिली होती तिला. गाडीत बसताना माझ्याकडं बघून हसली. मला राग आला होता. म्हणलं, एवढं सगळं जातंय हिचं, आन् ही हसतीय कशाला?”

त्यांनी दिवेवालीवर बोट ठेवलं.

“ही बी हसतीय. ही कशाला हसती गं, शेवंते?”

“फोटो काढणाऱ्यानं सांगितलं असेल, आक्का. हस म्हणून.”

“व्हय,” आक्का म्हणाल्या. “थोरलीलाबी कुणीतरी सांगितलंच असंल. फोटो तेवढा कुणी काढला न्हाई.”

मग त्यांनी अंक उपडा केला आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, “मंदे, तिला पाणी दे. कवापासून बसलीय.”